आमदाराच्या सोप्यापलीकडे

गोव्यातून लोकसभेत दोन खासदार जातात, राज्यसभेत एक. ५४३ जणांच्या सभागृहात आपले दोन. हे मी बारावीच्या वर्गात सांगायला लागले की मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास म्हणतं, "टीचर, आमकां कोण विचारता?" वर्ग हसतो. मला मात्र त्या प्रश्नाचा राग कधी येत नाही, कारण त्याचं उत्तर पुस्तकात नाही आणि मुलांना ते ठाऊक आहे. उलट विधानसभेचं नाव काढलं की हीच मुलं सरसावून बसतात. कुठल्या मतदारसंघात कोण कोणाच्या मागे आहे आणि पुढच्या निवडणुकीत कोण कुठे उडी मारणार, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. २०२४ च्या निवडणुकीला राज्यात साडेअकरा लाखांच्या वर मतदार होते आणि आमदार ४०. म्हणजे एका आमदारामागे तीसेक हजार मतदार. एवढ्याशा मतदारसंघात आमदार लग्नाला येतो, बाराव्याला येतो, चवथीला घरोघर गणपतीच्या पाया पडून जातो. खासदाराच्या वाट्याला तेव्हा जवळपास सहा लाख मतदार होते. तो कुठे कुठे पोचणार?

म्हणून आमच्याकडे तरुण मुलाची राजकारणाशी पहिली ओळख होते ती आमदाराच्या सोप्यावर, म्हणजे घराच्या ओसरीवर.

सकाळी आठ-साडेआठची वेळ असते. सोप्यावर बाकडी मांडलेली, अंगणात खुर्च्या, गेटबाहेर स्कूटरींची रांग. बाप पुढे, मुलगा मागे. मुलाच्या हातात प्लॅस्टिकची फाइल, तिच्यात मार्कशीट, रहिवासी दाखला, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड. नंबर लागला की बोलतो तो बाप. "भाऊ, आमच्या घरात सात मतं आहेत, तुम्हाला ठाऊकच आहे." मुलाने मान खाली घालायची आणि विचारलं तरच बोलायचं. हा मुलगा बी. कॉम. असतो, कधी इंजिनियर असतो. संविधानाच्या उद्देशिकेवरचं भाषण करून त्याने आंतरशालेय स्पर्धेत ढाल आणलेली मी पाहिलेली असते. तोच मुलगा त्या सोप्यावर बसून शिकतो की नोकरी ही मागून मिळते, मत ही घराची ठेव असते आणि ती घरातला कर्ता पुरुष वापरतो.

यात बापाचाही दोष काढवत नाही. २०१२ साली खाणी बंद झाल्या, मग पुन्हा सुरू झाल्या, आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ लीज रद्द होऊन पुन्हा थांबल्या. आमच्या डिचोली तालुक्यात त्या वर्षांत दारोदार ट्रक उभे होते. टायरांखालून गवत उगवलेलं, कर्जाचे हप्ते मात्र चालू. खाणीच्या जिवावर जगलेल्या घरात सरकारी नोकरी ही एकच भक्कम भिंत दिसते आणि त्या भिंतीचं दार आमदाराकडे आहे असं सगळेच मानतात. पण या माणसांचा संसार ज्या निकालाने उलटापालटा झाला, तो पणजीत लागला नव्हता. तो दिल्लीत लागला होता. खाण चालणार की नाही, कुठल्या अटींवर चालणार, हे ठरवण्याची सूत्रं बऱ्याच अंशी तिथे आहेत. हे त्या सोप्यावर कोणी कोणाला सांगत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. गोव्यातली तरुण पिढी राजकारणात उदासीन आहे, असं म्हणायची आपल्याला सवय लागली आहे. ते खरं नाही. ही मुलं ज्या ज्या गोष्टीसाठी रस्त्यावर उतरली, त्यातल्या बहुतेक गोष्टी राष्ट्रीय राजकारणाच्याच होत्या. आपण त्यांना तसं कधी सांगितलं नाही, आणि तिथपर्यंत जायची वाटही दाखवली नाही. आपण दाखवला तो सोपा.

मोलेचंच घ्या. भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानातून तीन प्रकल्प जाणार होते, रेल्वेचं दुपदरीकरण, महामार्गाचं चौपदरीकरण आणि तामनारची वीजवाहिनी. २०२० साली टाळेबंदीत घरी अडकलेली मुलं या तिन्ही प्रकल्पांचे कागद वाचत होती. आर्किटेक्चरचे विद्यार्थी नकाशे काढत होते, चित्रं काढणारी मुलं शेकरू आणि गवे काढून ती पसरवत होती, प्राणिशास्त्र शिकलेली मुलं पर्यावरण अहवालातल्या चुका दाखवत होती. १ नोव्हेंबरच्या रात्री चांदरच्या रेल्वे फाटकावर हजारो माणसं जमली आणि पहाटेपर्यंत रुळांवर बसून राहिली. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने येऊन पाहणी केली आणि ९ मे २०२२ रोजी रेल्वे दुपदरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी न्यायालयाने रद्द केली. रेल्वे केंद्राची, वन्यजीव मंडळ केंद्राचं, न्यायालय देशाचं. याला राष्ट्रीय राजकारणातला सहभाग म्हणायचं नाही, तर दुसरं काय म्हणायचं?

२०२० सालीच केंद्राने पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला होता. हरकतींसाठी मुदत थोडी, आणि मसुदा फक्त इंग्रजीत आणि हिंदीत. दिल्ली उच्च न्यायालयाने मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुदा इतर भाषांतही आणायला सांगितलं. देशभरातून लाखो हरकती गेल्या, त्यांत गोव्यातल्या कॉलेजच्या मुलांच्याही होत्या. माझ्या एका विद्यार्थिनीने तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या नावे वेगवेगळ्या हरकती लिहिल्या. आजीची हरकत ती मला मोठ्या अभिमानाने वाचून दाखवत होती, घरच्या कुळागरातल्या, म्हणजे पोफळीच्या बागेतल्या, पाटाच्या पाण्याबद्दल आजीने जे जे सांगितलं ते तिने जसंच्या तसं घातलं होतं. आजीच्या पाटाची गोष्ट थेट केंद्रीय मंत्रालयाच्या मेलबॉक्समध्ये! मला तो कागद फार मोठा वाटला, आजही वाटतो.

सत्तरी तालुक्यातल्या शेळ-मेळावली गावाचंही तसंच. आयआयटीसाठी निवडलेल्या जागेविरुद्ध गाव उभा राहिला, जानेवारी २०२१ मध्ये पोलिसांशी संघर्ष झाला आणि अखेर सरकारने ती जागा सोडली. पुढे बाया होत्या, त्यांच्या पाठोपाठ गावातली पोरं. ही पोरं आयआयटीच्या विरोधात नव्हती. आपली काजूची भाटं, आपलं रान आणि जमिनीची कागदोपत्री मालकी यांचा प्रश्न त्यांनी विचारला होता. राष्ट्रीय संस्था कोणाच्या जमिनीवर उभी राहते, हा देशातल्या कित्येक राज्यांतल्या तरुणांचा प्रश्न आहे. मेळावलीच्या पोरांना झारखंडच्या किंवा ओडिशाच्या पोरांशी बोलायची सोय असती, तर त्यांना एकमेकांचं सगळं कळलं असतं.

आणि म्हादई नदी. तिच्याबद्दल बोलायचं तर रात्र पुरणार नाही. पाणीतंटा लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये तिच्या पाण्याची वाटणी केली, कर्नाटकला १३.४२ टीएमसी दिलं. डिसेंबर २०२२ मध्ये कळसा-भांडुरा या कर्नाटकच्या पाणी वळवण्याच्या प्रकल्पाच्या अहवालाला केंद्रीय जल आयोगाने मान्यता दिल्यावर इथे वणवा पेटला. १६ जानेवारी २०२३ च्या विर्डीतल्या सभेला उत्तर गोव्याच्या गावागावांतून माणसं आली. त्या वेळी एक गोष्ट मला स्पष्ट दिसली. आमची दोन मतं एका बाजूला आणि कर्नाटकचे २८ खासदार दुसऱ्या बाजूला. संख्येने हरलेल्या राज्याला दिल्लीत टिकायचं तर त्याच्याकडे अभ्यास करणारी, कायदा वाचणारी, दुसऱ्या राज्यांत मित्र जोडणारी माणसं हवीत. ती आज वीस-बावीस वर्षांची आहेत. त्यांना आपण बाइक रॅलीत झेंडा धरायला लावतो.

पक्षांच्या बाबतीत मी कोणालाच सोडणार नाही. युवा आघाडी सगळ्यांना असते. तिचं काम म्हणजे खुर्च्या मांडणं, मोटारसायकली काढणं, रील बनवणं आणि नेता आला की शाल-श्रीफळाचं ताट पुढे करणं. धोरण ठरवायच्या बैठकीत युवा आघाडीचा अध्यक्ष मागच्या रांगेत. २०२४ च्या लोकसभेला उत्तर गोव्यातून दोन मोठ्या पक्षांचे उमेदवार होते श्रीपाद नाईक आणि रमाकांत खलप. दोघांचाही मला आदर आहे. एक १९९९ पासून सलग निवडून येत आहेत, दुसरे केंद्रात कायदा खात्याचे राज्यमंत्री होते. पण एकाचं वय ७१, दुसऱ्यांचं ७७. त्याच निवडणुकीत देशातून पंचविशीतले चार खासदार निवडून आले, बिहारमधून शांभवी चौधरी, उत्तर प्रदेशातून पुष्पेंद्र सरोज आणि प्रिया सरोज, राजस्थानातून संजना जाटव. यांतल्या काहींच्या मागे राजकारणी घराणं आहे, हे मान्य. तरी पंचविशीतलं माणूस संसदेत बसू शकतं, हे माझ्या वर्गातल्या मुलींनी टीव्हीवर पाहिलं. लोकसभेचं सरासरी वय आज छप्पनच्या आसपास आहे, १९५२ च्या पहिल्या लोकसभेत ते सेहेचाळीसच्या आसपास होतं. देश तरुणच राहिला आणि सभागृह म्हातारं होत गेलं.

गोव्याला तरुण पुढाऱ्यांचं वावडं कधीच नव्हतं. १८ जून १९४६ ला मडगावात जुलियांव मिनेझिस यांच्यासोबत पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या सभेला उभे राहिलेले राममनोहर लोहिया ३६ वर्षांचे होते. मोहन रानडे सांगलीहून आले, सावईवेऱ्यात मराठी शिकवायला लागले, आणि पंचविशीच्या आसपास बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. सुटले ते थेट १९६९ मध्ये, लिस्बनच्या तुरुंगातून. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई १९५५ पासून मुक्तीपर्यंत सीमेवरच्या रानात भूमिगत रेडिओ चालवत होते. १५ ऑगस्ट १९५५ ला सीमेवरच्या पत्रादेवीसारख्या ठिकाणांहून आत शिरलेल्या सत्याग्रहींत पंजाबपासून मध्य प्रदेशापर्यंतची माणसं होती, वीसहून अधिक जण पोर्तुगीजांच्या गोळ्यांनी गेले. गोव्याच्या मुक्तीसाठी सगळा देश चालत आला होता. दिल्लीला आमचं काय पडलंय, असं म्हणणाऱ्या मुलांना मी पत्रादेवीच्या स्मारकापाशी घेऊन जाते. तिथे फार बोलावं लागत नाही. कर्नैलसिंग बेनिपाल हे नाव वाचल्यावर मुलं आपणहून विचारतात, हा पंजाबातला इथे कसा?

मुक्तीनंतर शशिकलाताई काकोडकर १९७३ मध्ये मुख्यमंत्री झाल्या तेव्हा अडतीस वर्षांच्या होत्या. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थ्यांनी बसच्या अर्ध्या तिकिटासाठी आंदोलन केलं आणि ते जिंकलं. आमच्या आधीच्या पिढीतले कितीतरी पुढारी, पत्रकार, वकील त्या आंदोलनातून घडले.

माझ्या घरात जनमत कौलाच्या गोष्टी ऐकतच मी वाढले. १६ जानेवारी १९६७. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की संघप्रदेश म्हणून वेगळा ठेवायचा, यावरचं मतदान. विलीनीकरणवाल्यांचं चिन्ह फूल, संघप्रदेशवाल्यांचं दोन पानं. आजोबा फुलाचे, पक्के मगोचे, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे, भाऊसाहेब बांदोडकरांचा फोटो देवघराशेजारी. माझा धाकटा काका तेव्हा मतदानाचं वयही नसलेला. मडगावहून निघणारं मराठी 'राष्ट्रमत' तो लपवून आणायचा, कारण ते मराठीत निघत असूनही विलीनीकरणाच्या विरोधात होतं. आजोबा आणि काका यांनी त्या महिन्यात एका पंगतीला बसणं सोडलं होतं. निकाल लागला, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१. आजोबांनी निकाल ऐकला आणि रेडिओ बंद केला. काकाला काही बोलले नाहीत. पण पुढे आयुष्यभर प्रत्येक निवडणुकीच्या आदल्या रात्री ते त्याला बोलावून विचारत, "तुला काय वाटतं?" काका हे सांगताना अजून गहिवरतो. घरात मत ही एकच ठेव नसते, प्रत्येकाचं वेगळं मत असतं, हे त्या घराने असं भांडून शिकून घेतलं. आज मुलं मला सांगतात की त्यांच्या घरी कुठे शिक्का मारायचा, सॉरी, कुठलं बटण दाबायचं, हे बाबा सांगतात आणि विषय संपतो.

शिक्का हा शब्द अजून तोंडातून जातो, कारण माझं पहिलं मत शिक्क्याचंच. ६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचं वय २१ वरून १८ वर आणलं, २८ मार्च १९८९ पासून ते लागू झालं, आणि नोव्हेंबरमध्ये लोकसभेची निवडणूक आली. गोव्यात त्याच दिवशी विधानसभाही होती, घटकराज्य झाल्यानंतरची पहिली. दोन मतपत्रिका, दोन घड्या, शाईचा ओला वास. आमच्या पणजी मतदारसंघातून मगोचे गोपाळराव मयेकर निवडून आले. ज्ञानेश्वरीवर बोलणारा प्राध्यापक आपण दिल्लीला पाठवला, याचा आम्हा मैत्रिणींना किती अभिमान! पण वर्ष उलटलं नाही तोवर विधानसभेत फाटाफूट झाली, १९९० या एका वर्षात मुख्यमंत्री बदलत राहिले आणि डिसेंबरात राष्ट्रपती राजवट आली. तो धक्का मी विसरलेले नाही. म्हणून १४ सप्टेंबर २०२२ ला काँग्रेसच्या ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये गेले, तेव्हा पहिल्यांदाच मत दिलेल्या मुलांचे चेहरे मी पाहू शकत नव्हते. त्याच वर्षी निवडणुकीआधी देवळात, चर्चमध्ये आणि दर्ग्यात पक्ष न सोडण्याच्या शपथा घेतल्या गेल्या होत्या. एक मुलगा म्हणाला, "टीचर, मग आम्ही मत कोणाला दिलं?" आपण तरुणांना उदासीन म्हणतो. त्यांचं मत असं परस्पर फिरवणाऱ्यांना काय म्हणायचं, ते ज्याने त्याने ठरवावं.

आणखी एक गळती आहे, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. गोवा मुक्त झाला त्या १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगीज राष्ट्रीयत्व घेता येतं. जन्माची नोंद लिस्बनला झाली, तिथला पासपोर्ट आला, की इथलं नागरिकत्व जातं आणि त्याबरोबर मतही. दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यात हे घरोघर आहे, पण आमच्या भागातही आता ऐकू येतं. जाणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, पोटासाठी गोंयकार मुंबईला गेला, आखातात गेला, बोटीवर गेला. पण तरुण माणूस मतदारयादीतून असा कायमचा निघून जातो, तेव्हा गाव एका अर्थाने हलका होतो. पुण्याला आणि बंगळुरूला गेलेल्यांचं नाव यादीत राहतं, पण मतदानाच्या दिवशी कदंबाचं किंवा खासगी बसचं तिकीट मिळालं तर माणूस येतो. २०२४ ला ७ मे रोजी मतदान होतं, मंगळवारी. सोमवारची रजा काढून आलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी केंद्राबाहेर रांगेत उभं राहून मला हात केला, तेव्हा फार बरं वाटलं.

कॉलेजांतल्या निवडणुकांवर थोडकंच लिहिते. लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केल्या, खर्चाची मर्यादा ५,००० रुपये, हजेरी ७५ टक्के. हेतू चांगला होता. तरी वादविवाद नसलेली निवडणूक मुलांना काय शिकवणार? उमेदवारांनी सगळ्यांसमोर उभं राहून प्रश्नांना उत्तरं द्यावीत, एवढी एकच गोष्ट नीट झाली तरी पुष्कळ होईल.

कारण प्रश्न विचारायची ताकद या मुलांत आहे, ते मी आमच्याच तालुक्यातल्या एका ग्रामसभेत पाहिलं. रविवारची सकाळ, पंचायत घराची वरची खोली, पंखे फिरताहेत पण वारा नाही. विषय खाणीच्या गाळाचा. पावसात गाळ वाहून शेतात येतो, नाला भरतो. दरवेळी यावर आरडाओरडा होतो, सरपंच "आमदारांच्या कानावर घालतो" म्हणतात आणि विषय पुढे ढकलला जातो. त्या दिवशी बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातली एक मुलगी उठली. तिने केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवरून त्या खाणीच्या पर्यावरण मंजुरीचं पत्र उतरवून आणलं होतं. अटींखाली पेन्सिलीने रेघा मारलेल्या. एकेक अट तिने आधी वाचली, मग सगळ्यांना कळेल अशा भाषेत सांगितली. गाळ अडवायला काय बांधायला हवं, पाण्याची तपासणी किती वेळा व्हायला हवी, आणि अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी मंत्रालयाला द्यायला हवा. मागे बसलेले एक आजोबा हात वर करून म्हणाले, "बाय, हें कोणें बरयलां?" म्हणजे, हे कोणी लिहिलं? ती म्हणाली, "दिल्लीन, आजोबा." खोलीत कुजबूज झाली. इतकी वर्षं ज्याची तक्रार आमदाराच्या सोप्यावर चालली होती, त्याचा कागद भलत्याच ठिकाणी होता आणि तो मोफत उघडत होता.

तिने ठराव लिहून आणला होता. सचिवांनी तो इतिवृत्तात उतरवून घेईपर्यंत ती त्यांच्या शेजारी उभी राहिली आणि पूर्ण झाल्यावर "मोठ्याने वाचा" म्हणाली. ठरावाची प्रत पंचायत संचालनालयाला तर जाणारच होती, तिने मंत्रालय आणि खासदार हेही त्यात घालायला लावलं.

त्यानंतर ती आणि गावातली इतर पोरं माझ्याकडे आली. संसदेत प्रश्न कसा विचारतात, हे त्यांना हवं होतं. आम्ही लोकसभेचं संकेतस्थळ उघडून बसलो. खासदाराला प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते. दिवसाला २० तारांकित प्रश्न असतात, त्यांना मंत्री उभं राहून उत्तर देतो, आणि २३० अतारांकित, त्यांचं उत्तर लेखी येतं. ते उत्तर सरकारी कागद होतं, कोणालाही वाचता येतं आणि न्यायालयातही दाखवता येतं. म्हादईवर, खाणींवर, मच्छीमारांवर विचारलेले जुने प्रश्न मुलांनी शोधून काढले. एकाने दुसऱ्या राज्यांतल्या खासदारांची यादी करायला घेतली, त्यांच्या भागात खाणी आहेत म्हणून. आपले दोनच असतील तर दुसऱ्यांचे का नाही विचारायचे, असं त्याचं म्हणणं. वर्गातल्या त्या जुन्या प्रश्नाला इतकं सरळ उत्तर मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत केंद्राकडे ऑनलाइन जातो, तोही त्यांनी त्याच बैठकीत लिहायला घेतला. खासदारांना द्यायच्या पत्राचा मसुदा मराठीत झाला. मग कोणीतरी म्हणालं, सह्या करणाऱ्यांनी आपला मतदारयादीतला क्रमांकही लिहूया, म्हणजे आपण कोण ते कळेल. तेव्हा लक्षात आलं की काहींची नावं यादीत नाहीतच. दोघं सतराचे होते, पण अठरा पूर्ण झाली का हे मोजायच्या आता वर्षातून चार पात्रता तारखा असतात आणि सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो. एकीचं नाव अजून आजोळच्या गावात, तिचा पत्ता बदलायचा फॉर्म ८. बाकीच्यांचा नव्या नोंदणीचा फॉर्म ६. पत्र तसंच टेबलावर ठेवून सगळे मोबाइलवर फॉर्म भरायला बसले. दाखल्यांचे फोटो नीट येईनात म्हणून एकाला झेरॉक्सवाल्याकडे पिटाळलं.